खंडेनवमीचं तेल

माझ्या मुलाच्या शर्यतीच्या मोटारसायकलच्या ब्रेकला मी खोबरेल तेल लावलं. नुसतं लावलं नाही, फडक्यानं चोळून चोळून जिरवलं. पुढच्या चाकाला आणि मागच्याही. वर हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल खोवलं आणि हात जोडून म्हणाले, "बाई गं, लेकराला सांभाळ."

इतकं मूर्ख काम करायला वय लागतं. मी तेव्हा एक्कावन्न वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. जे कळत नव्हतं, ते कळून घेण्यासारखं नसणार अशी माझी खात्री होती. आता पासष्टी उलटली. त्या बाईची आठवण आली की वाटतं, तिला पदराला धरून न्हाणीत कोंडावं आणि दसरा झाल्यावरच कडी काढावी.

मुलगा आठवडाभर कारखान्यात लेथवर उभा असायचा. रविवार आला की त्याच्या अंगात यायचं. गावाबाहेरच्या माळावर मातीचे उंचवटे रचून त्यावरून गाड्या उडवायच्या, हा त्याचा आणि त्याच्या दोस्तांचा खेळ. त्याची ती गाडी म्हणजे एक नमुनाच होती. दिवा नाही, मागं बसायला जागा नाही, दुधाची किटली अडकवायला आकडा नाही. बायकोला घेऊन देवीला जायचं म्हटलं तर ती रिक्षानं आणि हा घरी. शर्यतीत कधी कप मिळायचा, तोही प्लास्टिकचा. मी त्यात चमचे ठेवत होते. सून म्हणायची, "आत्ती, ते बक्षीस हाय." मी म्हणायची, "मग चमचे काय वाईट हायत?"

गाडीला मी घरात जागा दिली नव्हती. म्हैस विकल्यावर गोठा रिकामा पडला होता, तिथं ती उभी असायची. तीन वर्षं मी तिला बोट लावलं नाही. त्या वर्षी खंडेनवमीला मी अंगणात विळी, कोयता, पहार, अडकित्ता मांडून बसले होते. मुलगा समोर उकिडवा बसला.

"आई, पहारीची पूजा करतीस. माझ्या गाडीनं काय पाप केलंय?"

"पहारीनं तुला कधी पाडलं न्हाय."

"एक डाव कर की. माझ्यासाठी."

तिशीला आलेला घोडा, पण 'माझ्यासाठी' असं म्हणाला की चार वर्षांचा व्हायचा. मी विरघळले.

आमच्या घरची रीत सासूबाईंची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातलं सगळं लोखंड धुवायचं, पुसायचं, तेल लावायचं. लोखंड कोरडं ठेवलं तर ते रुसतं. आणि एकदा पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. मी गाडी धुतली, पुसली. चाकांना भोकं भोकं असलेल्या दोन पोलादी ताटल्या होत्या, झाऱ्यासारख्या. पाणी लागून त्यांच्यावर तांबूस छटा आली होती. मला वाटलं, बघा, इतकी महागाची गाडी आणि लोखंडाची निगा नाही! मग काय, त्या ताटल्यांवर मी सगळा जीव ओतला. मुलगा आला तेव्हा त्या नव्या पितळेसारख्या चकाकत होत्या. तो हँडलला हात लावणार, तेवढ्यात मीच ओरडले, "हलवायची न्हाय उद्यापतोर!"

त्यानं ऐकलं. आयुष्यात माझं कधी ऐकत नव्हता. ते एक ऐकलं.

दसऱ्याला सकाळी टेम्पो आला. गाडी ढकलतच टेम्पोत चढवली, माळावर ढकलतच उतरवली. दोस्तांनी एकमेकांना सोनं दिलं आणि हा पहिल्या फेरीला सुटला. सरळ पट्टा होता, पुढं वळण, वळणापलीकडं दगडाची जुनी खाण. वळणावर त्यानं ब्रेक दाबला. गाडी तशीच सरळ गेली.

मांडीचं हाड तीन ठिकाणी, कमरेचं हाड, पोटात रक्तस्राव. डॉक्टर बाहेर येऊन आधी जिवाचं बोलले आणि मग पायाचं. सून भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर दोन वर्षांची पोर. पोरीच्या मुठीत आपट्याचं पान होतं, ते तिनं संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. मी माझ्या यादीतले सगळे देव गाठत होते. एकेकाला नवस बोलायचा आणि पुढच्याकडं जायचं. जोतिबाला तर मी गुडघ्यांवर डोंगर चढीन म्हणाले. माझे गुडघे त्याला ठाऊक असणार.

चार दिवसांनी त्याच्या एका दोस्ताला मी व्हरांड्यात गाठलं. "झालं तरी काय रे नक्की?"

"काकी, ब्रेकच लागला न्हाय. मेस्त्रीनं आठ दिसांमागं काम केलतं. त्यातच काय तर चुकलं."

"ब्रेक असतो कुठं पण?"

त्यानं मोबाइलवर फोटो काढून दाखवला. "ही ताटली बघा. चाकासंगं फिरती. ब्रेक दाबला की हिला दोन्हीकडनं चिमटा बसतो. हिच्यावर थेंबभर तेल पडलं तरी कार्यक्रम संपला."

थेंबभर. मी वाटी संपवली होती.

तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण आतून नर्स बाहेर आली, रक्ताच्या बाटलीचं काहीतरी म्हणाली, सगळे तिच्याकडं धावले आणि माझं उघडलेलं तोंड मी मिटून घेतलं. मनाशी म्हटलं, तो शुद्धीवर आल्यावर सांगू. तो शुद्धीवर आला, तेव्हा म्हटलं, आत्ता नको, जरा जेवायला लागू दे. जेवायला लागला, तेव्हा म्हटलं, घरी तर येऊ दे. माझ्याइतका चांगला मुहूर्त शोधणारा भटजी कोल्हापुरात सापडायचा नाही.

तोवर मेस्त्रींचं व्हायचं ते होत होतं. मेस्त्री आमच्या ह्यांच्याच वयाचे. तालमीसमोर त्यांचं गॅरेज. मुलाला चौदाव्या वर्षी इंजिन खोलायला त्यांनीच शिकवलं होतं. ते शहाळी घेऊन दवाखान्यात आले, तर ह्यांनी सगळ्यांदेखत ती शहाळी जिन्यावरून खाली सोडली. आमचे हे निवृत्त शिक्षक. उभ्या जन्मात कुणाला 'अरे' म्हणाले नव्हते. ते तालमीच्या कट्ट्यावर उभं राहून म्हणाले, "माझ्या पोराचा पाय ह्या माणसानं खाल्ला."

मेस्त्री एवढंच म्हणाले, "गुरुजी, एकदा गाडी बघू द्या. माझं चुकलं असंल तर ह्याच कट्ट्यावर जोडा मारा."

ह्यांनी मोडकी गाडी गोठ्यात टाकून कुलूप घातलं. पण शर्यतीतल्या जाणत्या मंडळींनी आग्रह धरला, की दुसऱ्या पेठेतला एखादा फिटर आणून गाडी दाखवा. ते ठरल्याचं माझ्या कानावर आलं आणि मग मी जे केलं, ते ऐका. तेल लावलं ती चूक होती. हे चुकून केलेलं नव्हतं.

गोठ्याची दुसरी किल्ली माझ्या देव्हाऱ्यात असायची. भर दुपारी मी बादलीभर कढत पाणी, भांड्याचा साबण आणि काथ्या घेऊन आत गेले आणि त्या ताटल्या घासल्या. मग लक्षात आलं, की सगळी गाडी चिखलात आणि ताटल्या तेवढ्या लख्ख, हे कुणाच्याही डोळ्यांत येईल. चोराची अक्कल बघा. मग मी आख्खी गाडी धुऊन काढली. हे संध्याकाळी आले. म्हणाले, "गाडी कुणी धुतली?"

"रक्त होतं तिच्यावर," मी म्हणाले.

त्यांचे डोळे भरले. लग्नाला तीस वर्षं झाली होती, तेव्हा ह्यांनी पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताखाली मी मेलेली होते.

दुसऱ्या दिवशी फिटर आला. सगळीकडं बोट फिरवून म्हणाला, "कुठं तेल न्हाय, गळती न्हाय. मग बसवणाऱ्याचाच हात चुकलाय."

झालं. मेस्त्रींच्या दारात आठ-दहा गाड्या उभ्या असायच्या, तिथं आता एक कुत्रं झोपायला लागलं. पोरांनी आपापल्या गाड्या काढून दुसरीकडं नेल्या. भाजी आणायला जाताना मी मुद्दाम लांबच्या बोळानं जाऊ लागले. सून म्हणाली, "आत्ती, तुमास्नी चालवत न्हाय आन् एवढा फेरा कशाला?" मी म्हणाले, "डॉक्टर म्हणत्यात, चालावं."

मुलगा घरी आला. मांडीत सळई, एक पाय बोटभर आखूड. गाडी संपली, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. लेथवर उभं राहता येईल का, हेच अजून कुणाला सांगता येत नव्हतं. पण एक गोष्ट तो पहिल्या दिवसापासून बोलत होता. दवाखान्यात नळ्या काढल्यावर पहिलं वाक्य तेच. "मेस्त्री चुकायचा न्हाय, आई." वडील ओरडले तरी तेच, दोस्त आले तरी तेच. मला त्या वाक्याचा इतका आधार होता, की काय सांगू. सगळ्या पेठेनं मेस्त्रींना सोडलं तरी एक माणूस त्यांच्या बाजूचा आहे, मग माझं पाप निदान अर्धं, असा माझा हिशेब चालला होता.

एका दुपारी मी त्याला पेज भरवत होते. तो छताकडं बघत म्हणाला, "चुकलंच असंल त्याचं. म्हातारा झालाय. डोळ्यानं दिसत नसंल."

माझ्या हिशेबातला तो एक माणूसही गेला.

पेजेची वाटी तिथंच ठेवून मी पायात चप्पल सरकवली आणि थेट मेस्त्रींच्या घरी गेले. ते पडवीत बायकोबरोबर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. दिवसाढवळ्या, कामाच्या वारी, तो माणूस घरात शेंगा फोडत होता. बायको मला बघून आत निघून गेली. त्यांनी पोतं पुढं सारलं, पण 'बसा' म्हणाले नाहीत.

वाटेत मी सगळी तयारी केली होती. शिव्या दिल्या तर रडायचं. माफ केलं तर जास्त रडायचं. पाया पडायचं की नाही, एवढंच ठरत नव्हतं. उभ्यानंच सगळं सांगितलं. वाटी, ताटल्या, साबण, रक्ताचं बोललेलं खोटं. एक शब्द गाळला नाही. बोलून झाल्यावर छाती हलकी वाटली आणि मी, किती निर्लज्ज बघा, त्यांच्या तोंडाकडं आशेनं बघत राहिले.

मेस्त्रींनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि मान वर करून म्हणाले,

"वैनी, हे मला कशाला सांगतासा? मी काय केलं न्हाय, हे मला ठावंच हाय. ज्यास्नी ठावं न्हाय, त्यास्नी जाऊन सांगा की."