जंबेरीची फूट

माझा मोठा भाऊ सौंसरजवळ संत्र्याची बाग करायचा आणि मी पांढुर्ण्याच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. जुन्या काविळीनंतर दादाचं लिव्हर कडक झालं होतं, म्हणजे सिरॉसिस. दारूचा थेंब न घेता हे झालं, यावर गावाचा विश्वास नव्हता. त्यानंही गावाला विचारलं नव्हतं.

एका पावसाळ्यानंतर नागपूरच्या सोनोग्राफीत लिव्हरच्या कडेला गाठ दिसली. रक्तात एक प्रथिन वाढलेलं निघालं, पुन्हा तपासलं तर आणखी वाढलेलं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं: कॅन्सर आहे, गाठ लहान आहे तोवर मुंबईला जाऊन काढून घ्या.

"तोडणी झाल्यावर पाहू," दादा म्हणाला. आंबिया बहाराची संत्री तोडणीला येत होती.

मी बागेत गेले. तो म्हणाला, "हे प्रथिन-बिथिन काय आहे, नीट सांग."

सांगितलं. आईच्या पोटात असताना बाळाचं लिव्हर ते बनवतं. जन्मल्यावर बनवणं जवळजवळ थांबतं. पण कसं बनवायचं याची सूचना पेशीत तशीच राहते, फक्त मिटलेली. तुझ्या गाठीतल्या पेशींनी ती पुन्हा उघडली आहे.

"म्हणजे पन्नाशीत माह्यं लिव्हर बाळ झालं?"

वैनी डबा उघडत होती. "बाळासारखे हट्ट त आधीपासूनच आहेत," ती म्हणाली.

आमच्याकडे संत्र्याचं कलम करताना त्याचा डोळा जंबेरीच्या, म्हणजे एका रानलिंबाच्या, खुंटावर भरतात. खुंटातून जंबेरीची स्वतःची फूट येऊ पाहते. दादाला विचारलं, "अशी फूट दिसली तर काय करतोस?"

"त्याच दिवशी काढतो. नाही त वरचं संत्रं मरते."

"तोडणी होईपर्यंत थांबत नाहीस?"

उदाहरण तंतोतंत नव्हतं. जंबेरी हे वेगळं झाड, गाठीतली पेशी मात्र त्याचीच होती. पण मला त्याला परीक्षेला बसवायचं नव्हतं, गाडीत बसवायचं होतं.

"मास्तरीनबाई, गोष्ट फिरवून सांगून राहिली तू," तो म्हणाला. मग झाडांकडे बघून, "बाग कोन पाहीन?"

"मी पाहीन," वैनी म्हणाली. "लग्न झाल्यापासून पाहूनच राहिली. तुमाले दिसलं नाही."

त्याच आठवड्यात दादा आणि मी मुंबईला गेलो. गाठ कडेला असल्यामुळे निघाली. काही आठवड्यांनी रक्तातलं ते प्रथिनही उतरलं. सर्जन म्हणाले, उरलेलं लिव्हर कडकच आहे, नवी गाठ होऊ शकते, रक्त तपासत राहा. तोवर इकडे वैनीनं तोडणी उरकली होती.

पुढं दर तीन महिन्यांनी मी त्याला सौंसरच्या स्टँडवर गाठायची आणि नागपूरच्या बसमध्ये चढवायची.

"असं रक्त काढत राहिले त माह्या अंगात उरन काय?"

"बोलायपुरतं उरेल. सरक तिकडे, मला खिडकी हवी."