आठ पोरं आणि एक इतिहास

आमच्या घरात किस्से जमवायला लागत नाय. तीन भावांचं एकत्र घर, आठ पोरं, आई, आणि बाथरूम एक. सकाळच्या लाइनीतच दोन किस्से तयार होतात, संध्याकाळपर्यंत त्यांना पिल्लं होतात. मी टेम्पो चालवतो. अंबरनाथच्या टेम्पो स्टँडवर हे सांगितलं की दोस्त बोलतात, "दादा, फेकू नको!" अरे, फेकायला डोकं लागतं. मी सातवी नापास माणूस. झालं तेवढंच सांगतो.

आता मुळात पोरं घरी का शिकायला लागली, ते ऐका. आमची वाडी चामटोलीच्या पुढं, बारवी धरणाच्या अंगाला. शाळेची व्हॅन यायची, तिच्यात पोरं बटाट्यासारखी भरायचे. एक दिवस बघतो तर समीक्षाच्या मांडीवर दोन पोरं, आणि ड्रायव्हरच्या मांडीवर एक! मी रोज गोण्या भरतो, मला लोड कळतो. व्हॅन आडवी घातली, ड्रायव्हरला कॉलर धरून खाली घेतला आणि आमची आठच्या आठ पोरं उतरवली.

ड्रायव्हर बोलला, "मंग शाळेत जाणार कशी?"

"जाणार नाय!" मी बोललो. बोलून बसलो.

धाकट्या भावाची बायको सुजाता बीएड झालेली. लग्नाआधी बदलापूरला शाळेत शिकवायची. ती बोलली, "दादा, मी शिकवते घरी. मोठी झाली की ओपन बोर्डाची परीक्षा देतील."

मधला भाऊ विलास. मोरिवलीला कंपनीत आहे. सगळं कंपनीसारखं बोलतो. तो बोलला, "दिवाळीपर्यंत ट्रायल. दिवाळीला मी स्वतः चेकिंग करणार. फेल गेलं तर समीक्षा कल्याणला मावशीकडं राहून शिकेल, बाकीची परत शाळेत."

समीक्षा त्याचीच पोरगी, चौदाची. मावशीकडं राहणं म्हणजे मावशीची धुणीभांडी आणि तिचं बाळ, हे घरात सगळ्यांना माहीत. बोलत कोण नाय. समीक्षा त्या दिवशी जेवली नाय.

*

गणित, विज्ञान, भाषा, सगळ्यांची पुस्तकं एका दिवसात ठरली. अडलं इतिहासात. गणितात आमच्या घरातला एक माणूस तोंड घालत नाय. इतिहास आला की सगळे मास्तर!

त्यात सुजाताला आठही पोरांना एकच पुस्तक पाहिजे होतं. सगळ्यात बारका पिंट्या सहा वर्षांचा, वर समीक्षा. आठ जणांना आठ इतिहास शिकवत बसली तर स्वयंपाक कधी करणार? पण एकच पुस्तक एकाला सोपं, दुसऱ्याला जड. दोन दिवस ती डोकं धरून बसली.

आई चुलीपुढून बोलली, "मी डाळ एकच करते ना? बारक्याला पाणी घालून देते, मोठ्याला वरून मिरची."

सुजाता तशीच उठली आणि बोलली, "आई, बीएडला हे आम्हाला पूर्ण टर्म शिकवलं होतं."

आई बोलली, "डाळ यायला लागली का पण?"

*

पुस्तकं बघायला उल्हासनगरला गेलो. मी, सुजाता, समीक्षा. सिंधी शेठचं दुकान, छतापर्यंत पुस्तकं.

"बोलो साईं, कौनसी क्लास?"

मी बोललो, "सब क्लास. पहली से नववी. एक ही किताब."

शेठने चष्मा काढला. "स्कूल है आपका?"

"घर है."

"बच्चे कितने?"

"आठ."

शेठने चष्मा परत लावला. मंग आत ओरडला, "अरे, इनको होलसेल लगाओ!"

मी एक पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर छपाईचं वर्ष बघितलं आणि माझं डोकं सटकलं. "शेठ! ये तो दस साल पुराना माल है!"

"साईं, हिस्ट्री है," शेठ शांतपणे बोलला. "इसमें ताजा माल कहाँ से लाऊँ?"

भांडायला तोंड उघडलं होतं, तसंच बंद केलं. भांडण न करता दुकानातून बाहेर पडायची माझी ती पहिली वेळ. सुजाताने ट्रायलला एक संच घेतला. शेठने दारात येऊन अट सांगितली, "हिस्ट्री पसंद नहीं आई तो बदलके मिलेगी. पैसा वापस नहीं."

*

पहिला संच जगाचा इतिहास होता. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, एकेक पुस्तक मसाल्याच्या पाट्याएवढं जड. सुजाता ओटीवर वाचून दाखवायची, पोरं गोल करून बसायची. आई भिंतीला टेकून ऐकायची.

आधी पृथ्वी गरम होती. मंग थंड झाली. मंग मोठमोठे प्राणी आले. मंग ते मेले. चार दिवस गेले, माणूस काय येईना.

आईने विचारलं, "ह्यात आपण कधी येणार?"

सुजाताने शेवटचं पुस्तक काढून बघितलं. "शेवटून तिसऱ्या धड्यात, आई."

"म्हणजे कधी?"

"असंच वाचत गेलो तर तीन वर्षांनी."

आई बोलली, "मंग माझं नाव त्यात मेलेल्यांत घालायला सांग."

संच बदलून आणला.

*

तोपर्यंत विलासने कंपनीतल्या कोणाकडनं तरी गाइड आणलं. नोकरीच्या परीक्षेचं. त्यात नुसते सन. लढाईचा सन, तहाचा सन, राजा जन्मला सन, मेला सन. विलास बोलला, "टाइमपास नको. डायरेक्ट आन्सर!"

ड्यूटीवरनं आला की तो पोरांना लाइनीत उभी करायचा. पोरंही जाम हुशार. भाजीचं नाव विचारलं तरी सन सांगायला लागली.

एकदा स्टँडवरचा माझा दोस्त घरी आला. पिंट्याने चहा येईपर्यंत धडाधड वीस सन म्हणून दाखवले. दोस्त गार! बोलला, "वा रे पठ्ठ्या! आणि ह्या शेवटच्या साली काय झालं होतं?"

पिंट्या बोलला, "ते माहीत नाय. ते विचारत नाय."

दोस्ताने विलासकडं बघितलं.

विलास बोलला, "बरोबर आहे. कंपनीत पण नाय विचारत."

*

मंग एक टायवाला पोरगा आला. त्याला आमचा नंबर कोणी दिला देवाला माहीत. मोबाइलवरचा कोर्स विकत होता. घरातला टीव्ही लावला, त्याला वायर जोडली, आठ पोरं पुढं बसवली.

"सर," तो मला बोलला, "आमच्या कोर्समध्ये पुस्तक नाही, पाठांतर नाही. मुलं थेट त्या जुन्या काळात जातात!"

आणि लाइट गेली.

शुक्रवार होता. शुक्रवारी आमच्याकडं लाइट जाते हे वाडीतल्या कुत्र्यांनाही माहीत आहे. टीव्ही बंद, पंखा बंद. टायवाला घामाने भिजला.

आई बोलली, "पोचलो बघ."

तो हसला बिचारा.

"मी लग्न होऊन आले तेव्हा अशीच होती वाडी," आई बोलली. "आणि ह्याचे तू पैसे घेतोस?"

*

उल्हासनगरहून बदलून आणलेला दुसरा संच होता तो 'हाताने करा आणि शिका' वाला. पहिला धडा हडप्पाचा. जुनं शहर, सरळ रस्ते, विटांची गटारं. खाली लिहिलेलं, मुलांना करून पाहू द्या.

मी भाडं मारून घरी आलो आणि बघतो तर अंगण उकरलेलं! मोरीपासून रस्त्याच्या कडेपर्यंत चर. गोठ्याच्या भिंतीसाठी आणलेल्या माझ्या विटा त्यात मांडलेल्या, वर फरशीचे तुकडे. मी असा ओरडलो की शेजारची म्हैस दोरी तोडून पळाली.

समीक्षा चिखलात उभी होती. बोलली, "मोठे पप्पा, आधी पाणी सोडून बघा. मंग ओरडा."

बादलीभर पाणी ओतलं. झुर्रकन रस्त्याकडं! आमच्या मोरीचं पाणी वर्षानुवर्षं दारात साचायचं. पंचायतीत ओरडून ओरडून माझा घसा बसला होता. शेजारच्या दोन घरांनीही त्याच दिवशी आपली मोरी ह्या गटाराला जोडून घेतली.

दोन दिवसांनी वॉर्डाचा मेंबर आला. बरोबर फोनवाला. गटारावर एक पाय ठेवून हात कमरेवर घेतला आणि फोटो काढून घ्यायला लागला.

"काय मेंबर?" मी बोललो.

"काम बघायला आलो."

"कोणाचं काम?"

"वॉर्डातलंच की!"

मी फावडं उचललं. तेवढ्यात पिंट्या मेंबरला समजावून सांगायला लागला, "काका, हे हडप्पाचं आहे."

मेंबर फोनवाल्याकडं वळून हळूच बोलला, "हा हडप्पा कुठला रे? नवीन ठेकेदार आहे का?"

सुजाताला तो संच जाम आवडला होता. पण पुढचा धडा किल्ल्याचा निघाला. घराला भिंती शिल्लक राहाव्यात म्हणून मीच तो शेठकडं बदलायला घेऊन गेलो.

*

बदलून मी साधं सरकारी पुस्तक आणलं. सुजाताने ते घेतलं आणि दार लावून शिकवायला लागली. कोणाला आत घेईना. पोरंही बोलेनात. उलट एकेक पोरगं येऊन आम्हालाच काय काय विचारून जायचं.

दिवाळी आली. विलास इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून ओटीवर खुर्चीत बसला. घरातली सगळी जमा. समीक्षाचं तोंड पांढरं.

"कुठलं पुस्तक फायनल झालं?" विलासने विचारलं.

सुजाता बोलली, "सरकारी, भाऊजी. पण अजून पहिलाच धडा चालू आहे."

"दिवाळीपर्यंत एकच धडा?"

"इतिहासाची साधनं. कोणी काय सांगितलं, पुरावा काय, खरं कसं ठरवायचं. पोरांनी करून बघितलंय. विचारा."

समीक्षा उभी राहिली. "विषय, आपल्या घरी आलेला बिबट्या."

आता हा बिबट्या आमच्या घरात प्रसिद्ध आहे. वीस वर्षांपूर्वी दिवेलागणीला बारवीच्या जंगलातनं आला, आणि मी कोयता घेऊन त्याला हाकलला. हे स्टँडवर सगळ्यांना माहीत. मोरिवलीच्या कंपनीत मात्र सगळ्यांना असं माहीत आहे की तो विलासने काठीने हाकलला. एकमेकांसमोर ही गोष्ट आम्ही कधी काढत नाय.

समीक्षा बोलली, "पहिलं साधन, मोठे पप्पांची मुलाखत. बिबट्या म्हशीएवढा होता. दुसरं साधन, पप्पांची मुलाखत. बिबट्या म्हशीपेक्षा मोठा होता. तिसरं साधन, भौतिक. गोठ्याच्या दारावर नखांचे ओरखडे. मांजरापेक्षा मोठ्या, म्हशीपेक्षा लहान प्राण्याचे. चौथं साधन, आजी."

"तिला काय विचारता!" मी ओरडलो. "तिला आता आठवत नाय!"

आई वाल सोलत होती. "सगळं आठवतं," ती बोलली.

समीक्षा पुढं बोलली, "आजीने सांगितलं, बिबट्या आला तेव्हा दोघंही माळ्यावर होते."

"मी काठी आणायला चढलो होतो!" विलास बोलला.

"आणि मी कोयता!" मी बोललो. कोयता वरच असायचा. अजून वरच असतो.

"माळ्याची शिडी वर कोणी ओढून घेतली, असं विचारल्यावर पहिल्या साधनाने दुसऱ्याचं नाव सांगितलं आणि दुसऱ्याने पहिल्याचं."

विलासची बायको तोंडाला पदर लावून आत पळाली.

पिंट्या उठला. "निष्कर्ष मी सांगणार! आजीने परात वाजवली. बिबट्या गेला. दोन माणसं सकाळी उतरली."

विलासने खिशातलं पेन काढलं, बघितलं, परत लावलं.

"समीक्षा," तो हळू बोलला, "हे कल्याणच्या मावशीला सांगितलंस का?"

"अजून नाय, पप्पा. तिकडं राहायला गेल्यावर सांगणार होते."

विलासने माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं.

"सुजाता," तो बोलला, "घरातलं शिक्षण चांगलं आहे. चालू दे."