शर्टाखालची चकती

वॉर्डातल्या सिस्टर त्याला 'पोटमास्तर' म्हणत. ऑपरेशननंतर आतडी काही दिवस झोपी जातात. ती जागी होण्याआधी तोंडाने काही दिलं, तर पोट फुगतं, उलट्या होतात. म्हणून रुग्णाच्या पोटावर आवाज टिपणारी चकती चिकटवायची आणि आतली गुडगुड पडद्यावर मोजायची, एवढं त्याचं काम. लेक इंजिनियर होऊन काय करतो, असं कुणी विचारलं की आई सांगायची, "दवाखान्यात मशीनवर असतो." पोटांची गुडगुड मोजतो, हे पुढचं ती गिळायची, तोही गिळायचा.

रोज सकाळी तो चकती आधी स्वतःच्या पोटावर लावून तपासायचा. आपण फार काटेकोर, असं त्याचं स्वतःबद्दल मत होतं.

त्या दिवशी ड्रायव्हरकाकांच्या आतड्याच्या ऑपरेशनला दोन दिवस झाले होते. पडद्यावरची रेघ नुसती नाचत होती. सर्जन खूश. "वा! द्या यांना सूप."

"पण पोट टणक लागतंय, सर," थोरल्या सिस्टर म्हणाल्या.

"सिस्टर, तुमच्या हातापेक्षा मशीनचा कान तिखट असतो," पोटमास्तर छाती फुगवून म्हणाला.

काकूंनी वाफाळता पेला आणला. वास आला मात्र, उपाशी पोटमास्तरच्या पोटात कावळे ओरडले. त्याच क्षणी रेघ उसळली. पुन्हा ओरडले, पुन्हा उसळली. त्याने शर्टाखाली हात घातला. सकाळची चकती तिथेच होती, आणि मशीन अजून तिचंच ऐकत होतं. काकांची चकती जोडायची राहूनच गेली होती.

गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? पण काकांनी सूपसाठी तोंड उघडलं होतं.

"काकू, थांबा! ती गुडगुड माझी आहे!"

सगळ्या वॉर्डासमोर त्याने शर्ट वर केला. सिस्टरनी काकांच्या पोटाला स्टेथोस्कोप लावला. आत चिडीचूप.

दुपारी काकांना हिरवी उलटी झाली, नाकातून नळी घालावी लागली. "पोटात सूप असतं तर उलटीबरोबर श्वासनळीतून छातीत गेलं असतं," एवढंच सर्जन बोलले. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

तीन दिवसांनी रेघ हलली.

"नक्की माझीच ना रे?" काकांनी विचारलं.

"मी जेवून आलोय, काका," तो म्हणाला, आणि थोरल्या सिस्टरना बोलवायला धावला.