शांताबाईंचा पगार
महापालिकेनं कर्मचाऱ्यांचे पगार संकेतस्थळावर टाकले, तेव्हा कुतूहलानं मीही ती यादी उघडली. आमची गल्ली झाडणाऱ्या शांताबाईंचं नाव दिसलं आणि पुढचा आकडा मी दोनदा वाचला. खासगी शाळेत इतकी वर्षं शिकवून मला मिळतं, त्याच्या दुपटीहून तो जास्त होता. हेवा नाही वाटला, लाज वाटली. दर दिवाळीला मी त्यांना माझी जुनी साडी देत आले होते. हातात झाडू दिसला की माणूस गरीब, असं मी किती सहज धरून चालले होते!

सकाळी त्यांना थांबवून मी म्हटलं, "शांताबाई, तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं, बाई? तुमच्या शाळेत काय देतात, ते ठावं हाय मला. तरी तुम्ही मायेनं देत होता. नको कसं म्हणू?"

मी त्यांना चहाला आत बोलावलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. खुर्चीत टेकून दोन घोट घेतल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "पगार वाढवून मागा की. आमालाबी मागितल्याबिगर कुणी दिला नाय."