दोघींपैकी एक बारीक झाली

दादरला रानडे रोडवर माझी सख्खी बहीण माझ्या समोरून निघून गेली. तिने मला ओळखलंच नाही.

तिच्या मुलीच्या लग्नाच्या साड्या घ्यायच्या होत्या आणि आमचं दुकानाच्या दारातच भेटायचं ठरलं होतं. मी पायरीवर उभी होते. ताई गिरगावहून टॅक्सीने आली, उतरली, माझ्याकडे बघितलं आणि चार पावलं पुढे जाऊन तिने फोन कानाला लावला. माझ्या पर्समधला फोन वाजला.

"अगं, कुठे तडमडलीस? मी कधीची दारात उभी आहे."

तिचा आवाज मला दोन्हीकडून ऐकू येत होता, फोनमधून आणि समोरूनही.

"ताई, मागे बघ."

ती वळली. अनोळखी बाईने चुकून धक्का दिल्यावर आपण हसतो तसं आधी हसली. मग हसणं थांबलं. "आई गं," ती म्हणाली, "बरी आहेस ना तू?"

माझं ऑपरेशन होऊन वर्ष होत आलं होतं. शेवटचे चार-पाच महिने आम्ही भेटलो नव्हतो. कधी तिचे गुडघे, कधी माझं प्रभादेवीचं ऑफिस, अशी कारणं सांगत राहिलो. फोनवर बोलणं व्हायचं, पण तेही लग्नाच्या याद्यांबद्दल आणि हॉलबद्दल.

आम्ही दोघी लहानपणापासून जाड. गिरगावच्या आमच्या चाळीत 'दोघी आल्या' असं कुणी म्हटलं की कोण ते विचारावं लागत नसे. जिना चढताना वरच्या मजल्यावरची मुलं ओरडायची, "कठडा धरा रे!" त्यांच्या आधी ताई हसायची, म्हणून मीही हसायचे. एकमेकींचे ब्लाउज आम्हाला बसायचे. परीक्षा संपली, कुणाशी भांडण झालं, कुणी मुलगी बघायला येऊन नकार देऊन गेलं, काहीही झालं तरी आम्ही दोघी काहीतरी खायला जायचो आणि परत येताना बऱ्या झालेल्या असायचो. लग्न होऊन मी लालबागला आले तरी हे सुटलं नाही.

चाळिशीनंतर माझी शुगर वाढली, गुडघे गेले, झोपेत श्वास अडकायला लागला. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. जठराचा अगदी थोडा भाग ठेवायचा आणि आतडं त्याला नव्याने जोडायचं. नवरा नुसता डॉक्टरांनी काढून दिलेलं चित्र बघत राहिला. सासूबाई मात्र म्हणाल्या, "पोटच कापून घेतलंस, तर जेवतलंस खंय?"

परळच्या हॉस्पिटलात ताईच माझ्याजवळ राहिली. ती मला चमच्याने पाणी पाजायची आणि प्रत्येक चमच्याला विचारायची, "उतरलं का?" मी मान हलवली की मगच पुढचा चमचा. घरी आल्यावरही डाळीचं गाळलेलं पाणी ती रोज गिरगावहून आणायची. मी सांगायचे, अगं, डाळ लालबागलाही मिळते. ती ऐकायची नाही. मग माझं वजन उतरायला लागलं, आणि भराभर उतरायला लागलं तसं तिचं येणं कमी होत गेलं. तेव्हा माझ्या ते लक्षातही आलं नाही. माझंच मला काही समजत नव्हतं. भात चार घास खाल्ला की छातीत दगड बसल्यासारखं व्हायचं. जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवल्यावर थांबायचं, मग प्यायचं. वैशाखात मला थंडी वाजायची. खुर्चीवर बसताना अजूनही मी आधी खुर्चीचे हात चाचपून बघायचे. ऑफिसात वर्षानुवर्षं शेजारच्या टेबलावर बसणारा एक गृहस्थ लिफ्टचं दार धरून उभा राहायला लागला. पहिल्यांदा वाटलं, माझ्या मागून कुणी येतंय. मागे बघितलं, तर कुणी नव्हतं. "थँक्यू" म्हटलं आणि दिवसभर चिडत राहिले. कुणावर, ते काही कळलं नाही.

तर, साड्यांचं दुकान. आम्ही गादीवर बसलो. दुकानातल्या पोऱ्याने एक मोरपंखी साडी उलगडून थेट माझ्या खांद्यावर टाकली. "मॅडम, तुम्हाला कुठलाही रंग चालेल," तो म्हणाला. मग ताईकडे बघत मला विचारलं, "आणि आईंसाठी काय दाखवू? जरा साधी, काठाची?"

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. बस्स, चारच.

"बहीण आहे मी तिची," ताई म्हणाली. "मोठी."

त्याने जीभ चावली. "सॉरी मॅडम," तो म्हणाला, पण ते ताईला नाही, मला म्हणाला.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. त्याला झापायला हवं होतं, नाहीतर नेहमीसारखं दोघींनी मिळून हसायला हवं होतं. ताईने हसायची वाट बघत मी तिच्याकडे बघितलं. ती साडीचा काठ बोटांनी चाचपत होती. आणि त्याच वेळी, ताईबद्दल वाईट वाटत असतानाच, आत कुठेतरी मला बरं वाटलं. समोरच्या आरशात मी माझ्या खांद्यावरची मोरपंखी साडी बघून घेतली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी होत होत्या. त्यातली खरी मी कुठली, ते मला ठरवता येईना.

खरेदी झाल्यावर आमचं एक ठरलेलं हॉटेल होतं. तिथला साबुदाणा वडा आणि पीयूष झाल्याशिवाय आम्ही दादर सोडायचो नाही. मी म्हटलं, "चल, बसूया."

"तू काय करणार तिथे?"

"बसेन तुझ्यासमोर."

"समोर तू बसायचं आणि मी गिळायचं?" तिने टॅक्सीला हात केला. "राहू दे. जेवणाची वेळ झालीच आहे."

घरी आले. रविवार होता. नवरा स्वयंपाकघरात ओट्याशी उभा राहून, माझ्याकडे पाठ करून तळलेली सुरमई खात होता. ताट नाही, भात नाही. कढईतून तुकडा घ्यायचा आणि उभ्यानेच खायचा. मला बघून दचकला.

"असा चोरासारखा का खातोस रे?"

"तुझ्यासमोर खायला लाज वाटते."

"मला काही वाटत नाही. खरंच."

"तेच तर," तो म्हणाला. "तुला काही वाटतच नाही. पूर्वी मी कोळंबी आणली की दारातच पिशवी घ्यायचीस हातातून. नाक लावून बघायचीस. आता मी तुझ्यासाठी काय आणू, ते सांग."

तो रागावला नव्हता, खरंच विचारत होता. दुसऱ्या दिवशी येताना त्याने गजरा आणला. त्या दिवसांत माझे केस मूठमूठ गळत होते. वेणी इतकी बारीक झाली होती की तिच्यात गजरा काही टिकेना, सारखा घसरायचा. शेवटी सासूबाईंनी तो देवाला वाहिला. नवऱ्याने परत गजरा आणला नाही. मी आण म्हटलं नाही आणि नको असंही म्हटलं नाही.

भाचीचं केळवण मी आमच्याकडेच करायचं ठरवलं. ऑपरेशननंतर मला रांधायचं वेडच लागलं होतं. स्वतःला खाता येईना, तसतसं दुसऱ्यांना घालावंसं वाटायचं. मसालेभात, अळूवड्या, पुऱ्या, बटाट्याची भाजी, घरी चक्का टांगून केलेलं श्रीखंड. मीठ बघायला मात्र सासूबाईंना बोलवावं लागायचं. भाचीच्या पाटाभोवती रांगोळी काढली. ताई आली, भावजी आले. ताईने अंगभर शाल घेतली होती. घरात पंखे चालू असूनही तिने ती काढली नाही.

"मावशी, तूपण आमच्याबरोबर बस," भाचीने हट्ट केला. मी माझी वाटी आणि छोटा चमचा घेऊन बसले.

"बघा हिचं जेवण," ताई म्हणाली. "भातुकलीतलं."

सगळे हसले. मीही हसले. मी पुऱ्या वाढायला उठले तेव्हा ती परत म्हणाली, "वाढ, वाढ. आम्हाला खायला घालायचं आणि आपण बघत बसायचं. छान आहे."

या वेळी कुणी हसलं नाही. भावजी पाण्याचा तांब्या शोधायला लागले. नवरा माझ्याकडे बघायला लागला. भाचीने पटकन चमचाभर श्रीखंड माझ्या तोंडापुढे धरलं. "मावशी, माझ्या हातचा एक घास. लग्न होऊन चाललेय मी."

साखर टाळा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मला ते पक्कं माहीत होतं. तरी मी तो घास खाल्ला, आणि दुसराही खाल्ला. भाचीसाठी खाल्ला, की ताईला दाखवायला, की मलाच हवा होता, कुणास ठाऊक. थोड्याच वेळात कानशिलं तापली, छाती धडधडायला लागली, पोटात पिळा पडला आणि घामाने ब्लाउज भिजला. "आलेच हं," असं म्हणत मी भिंत धरून आतल्या खोलीत गेले आणि पलंगावर आडवी झाले.

मागोमाग ताई आली. तिने दार लावलं, पंखा मोठा केला. काही न विचारता तिने माझ्या साडीची पिन काढली, ब्लाउजची बटणं सोडली आणि पदराने माझा गळा पुसायला लागली. पुसता पुसता तिचा हात माझ्या दंडावर आला आणि थांबला. ती नुसती मला बघत राहिली. दंडाखाली कातडी लोंबत होती, पोटावर घड्या पडल्या होत्या. साडीत हे काही दिसत नाही.

"हे काय गं?"

"कातडी. ती नाही कमी होत."

"दुखतं?"

"नाही."

"आणि आता हे काय झालं तुला?"

"साखर. पोटात थांबतच नाही, धावत पुढे जाते. थोड्या वेळाने बरं वाटेल."

ती पलंगाच्या कडेला टेकली. बाहेर सासूबाई भाचीची ओटी भरत होत्या. बांगड्या वाजत होत्या.

"मला वाटायचं, तू सुटलीस," ताई म्हणाली.

"कशातून?"

"आपल्यातून." मग ती म्हणाली, "दोघी होतो तेव्हा लोक हसायचे ते अर्धं तुझ्या वाटणीला यायचं. आता सगळं माझ्याच वाटणीला येतं. परवा हॉल बघायला गेलो, तर तिथल्या माणसाने मला न विचारताच बिनहातांची खुर्ची आणून दिली. तू असतीस तर हसलो असतो आपण."

मी तिचा हात धरला. तो मऊ होता, भरलेला होता, आणि मला एकदम माझ्या जुन्या हाताची आठवण आली. हे मी तिला सांगितलं नाही.

"मीपण करू का ऑपरेशन?" तिने विचारलं.

मला पटकन हो म्हणता आलं असतं. माझी शुगर ताब्यात आली होती, मी जिने चढत होते, झोपेत श्वास अडकत नव्हता. उद्या मला कुणी विचारलं, परत करशील का, तर मी करीन. पण ताईने माझ्यासारखं व्हावं का? माझ्या डोळ्यांसमोर केस गळालेली, वाटीत चमचा फिरवत बसलेली ताई आली.

"माहीत नाही गं मला."

"तुलाच माहीत नाही, तर मी कुणाला विचारू?" ती चिडली. "डॉक्टरकडे तरी ने."

लग्नाआधीच मी तिला परळला माझ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी तिला तपासलं, सगळं नीट समजावून सांगितलं. करता येईल म्हणाले, आणि नाही केलं तर काय काय सांभाळावं लागेल तेही सांगितलं. ताईने शाळेतल्या मुलीसारखं सगळं ऐकून घेतलं. बाहेर फुटपाथवर आल्यावर म्हणाली, "नको मला."

"घाई नाही. विचार कर."

"केला विचार. मला भूक लागते ना, ती आवडते मला. सकाळी उठल्यावर काय करून खाऊ असं वाटतं, ते आवडतं. गोळ्या घेईन, चालेन, सांगतील ते करीन. पण ते राहू दे." मग तिने माझ्याकडे वळून विचारलं, "तुला लागते का भूक?"

"लागते बहुतेक. की घड्याळाकडे बघून लागली असं वाटतं, ते कळत नाही."

मला सुटल्यासारखं वाटलं आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या शुगरची भीती वाटली. तिने नाही म्हटलं तर मला हायसं का वाटावं? तिने बारीक होऊ नये असं मला वाटत होतं का? हे मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "मला तुझंच अजून कळलं नाही, तुम्हा दोघींचं कुठून कळणार?" हे म्हणताना तो माझ्यासमोर बसून जेवत होता, एवढं मात्र खरं.

लग्न व्यवस्थित पार पडलं. मला बघून अर्ध्या नातेवाइकांनी विचारलं, आजारी होतीस का. उरलेल्या अर्ध्यांनी विचारलं, काय केलंस, आम्हालाही सांग. ताई दिवसभर नऊवारीत घामाघूम होऊन सगळ्यांना आग्रह करत फिरत होती. मी तिच्या मागे मागे पाण्याची बाटली घेऊन होते.

एप्रिलमध्ये ती वर्षाचा मसाला करायला लालबागला आली. मिरच्या, धणे, गरम मसाला, सगळं भाजून पिशव्यांत भरून आणलं होतं. मसाल्याच्या गल्लीत, मसाला कुटायच्या डंकावर गर्दी होती. आम्ही बाकड्यावर बसलो. डंकाचे ठोके पडत होते, सगळ्या बायका शिंकत होत्या, डोळे पुसत होत्या. लेक सासरी गेल्यापासून घर खायला उठतं, ताई सांगत होती. सांगता सांगता तिने पिशवीतून डबा काढला. मुगाची धिरडी होती. तिच्यासाठी नेहमीची आणि माझ्यासाठी तळहाताएवढी.

"तेल अगदी कमी लावलंय. साखर नाही," ती म्हणाली. "खा. हळू खा."

मी एक तुकडा तोडला आणि चावत राहिले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"कसं झालंय?"

"छान."

ते खरंच छान झालं होतं, की तिने केलं होतं म्हणून छान वाटलं, ते मला सांगता आलं नसतं. अर्धंच खाऊन झालं आणि पोट भरलं.

"राहिलेलं मी खाऊ?" ताईने विचारलं.

"खा ना."

तिने ते खाल्लं, बोटं पुसली आणि आमच्या मिरच्या डंकात पडल्या का ते बघायला उठली.