आपटून दिलेली सायकल

सुपडूआप्पा कुठल्याही लहान मुलाला सायकल देण्याआधी ती आपटायचे. नुसती ठोकून-ठाकून बघायचे नाहीत. दोन्ही हातांनी डोक्यावर उचलायचे, एक सणसणीत शिवी हासडायचे आणि भर रस्त्यात आदळायचे. येणारा-जाणारा दचकून बाजूला व्हायचा. ज्याची सायकल, ते पोर रडायला लागायचं. आप्पा खाली बसून एकेक जोड बोटाने चाचपायचे आणि सगळं शाबूत असेल तरच हँडल पोराच्या हातात द्यायचे. कुणी भांडायला उठलंच तर त्यांचं अहिराणीत एकच ठरलेलं उत्तर असे: "जे मोडनार शे ते मना हातमा मोडू दे, पोरना पायखाले नको."

सुरतेतल्या गोडादऱ्यात रेल्वेवरचा पूल जिथे उतरतो, तिथे त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बांबूंवर ताणलेली ताडपत्री, जुन्या टायरांचा एक ढीग आणि श्रीमंत वस्तीतल्या पोरांनी टाकून दिलेल्या सायकलींचे सांगाडे. आप्पा आमच्याच पारोळ्याकडचे. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून ह्यांना जन्मल्याबरोबर सुपात घालून उकिरड्यावरून फिरवून आणलं, तेव्हापासून नाव सुपडू. मरण असं जन्मतःच चकवल्यामुळे की काय, पण माणसाला भीती ठाऊक नव्हती आणि राग मात्र सदा नाकावर. लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, मशीनं दुरुस्त करणारे जॉबर होते. तिथल्या मुकादमाला मशीनवर आडवा करून मारला म्हणून काम सुटलं. बायको मारझोडीला कंटाळून माहेरी निघून गेली. हे ते स्वतःच सांगत, लाजही नाही आणि बढाईही नाही. ती गेली ते बरंच केलं, असं मी त्यांना एकदा तोंडावर म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि चाकाच्या तारा आवळत राहिले. माणूस सरळ नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवते. पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणी त्यांना देव्हाऱ्यात बसवू नये.

आमची त्यांची ओळख झाली ती भांडणाने. माझी मुलगी वैशाली, आमची वैशू, तेव्हा पाचवी पास झाली होती. घराजवळची शाळा तिथेच संपत होती आणि पुढची शाळा पुलापलीकडे. रिक्षा लावणं आम्हाला झेपणारं नव्हतं. माझा नवरा कैलास लूमवर कारीगर. त्याने सांगून टाकलं, की पोरगी त्या ट्रकांच्या गर्दीतून पायी जायची नाही. सायकलची सोय झाली तर शाळा, नाहीतर तिने माझ्याबरोबर घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवाव्यात. टिकल्या चिकटवून माझ्या बोटांची जी दशा झाली होती ती मी रोज बघत होते. मी हात धुवून त्याच्या मागे लागले आणि मे महिन्यातच एक सायकल घरी आणली. जाड दातेरी टायर, पुढे-मागे स्प्रिंगा, चकतीचे ब्रेक, दांडीवर आगीच्या ज्वाळा. दुकानदाराने कौतुकाने सांगितलं की डोंगर चढणारी आहे. सुरतेत डोंगर कुठे आहे हे त्याला विचारायचं राहून गेलं. आणि शहाणपण असं, की परकर-पोलक्यासारखी ती आम्ही वाढत्या अंगाचीच घेतली. वैशू सीटवर बसली की पायाचा अंगठासुद्धा जमिनीला लागत नव्हता.

हवा भरायला म्हणून तिला घेऊन आप्पांकडे गेलो. त्यांनी सायकलभोवती एक फेरी मारली, वैशूला दांडीवरून दोन्हीकडे पाय टाकून उभं राहायला सांगितलं, तिची बोटं ब्रेकच्या दांडीपर्यंत पोचतात का ते पाहिलं. ती पोचत नव्हती. मग एक शिवी हासडून त्यांनी सायकल उचलली आणि आपटली. पुढच्या चाकाचा फोर्क जोडाच्या जागी तडकला आणि चाक लंगड्या कुत्र्याच्या पायासारखं वाकडं झालं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. कैलासने सरळ त्यांची गचांडी धरली. आप्पांनी त्याला डोक्याने ढुशी दिली, कैलासचं नाक फुटलं, आप्पांचा ओठ फाटला, दोघे टायरांच्या ढिगावर लोळले आणि वैशू रस्त्यात उभी राहून भोकाड पसरून रडत होती. शेजारच्या चहावाल्याने दोघांवर पाण्याची बादली ओतली तेव्हा कुठे सुटले. आप्पा उठले, ती मोडकी सायकल खांद्यावर टाकली आणि ज्या दुकानातून आम्ही ती घेतली होती त्याचं नाव विचारून चालू लागले. तासाभराने परतले ते आमचे पैसे घेऊन. दुकानाची काच फुटल्याचं नंतर कानावर आलं. पैसे माझ्या पदरात टाकून म्हणाले, की आठ दिवसांनी ये, पोरीला घेऊन ये, आणि ह्या नाकफुट्याला घरी ठेव.

त्या आठ दिवसांत सायकल कशी बांधली जाते ते मी पाहिलं. टिकल्यांची पाटी घेऊन मी तिथेच जाऊन बसायचे, कारण त्या माणसावर माझा काडीचा विश्वास नव्हता. एका सांगाड्याची चौकट वैशूच्या मापाची निघाली. उभी राहिली की दोन्ही तळवे जमिनीवर टेकत. तिला ॲल्युमिनियमच्या रिमा बसवल्या, कारण लोखंडी रिम पावसात ब्रेकला दाद देत नाही. स्प्रिंगा त्यांनी बसवल्याच नाहीत. स्वस्तातली स्प्रिंग म्हणजे नुसतं ओझं, पोरगं ती ढकलतच दमतं, असं त्यांचं म्हणणं. मागे थोडेच गिअर, पूल चढण्यापुरते. ब्रेक साधे, दोन्ही बाजूंनी रिमला रबर धरणारे. त्यांच्या दांड्या स्क्रूने आत घेऊन घेऊन वैशूच्या इवल्या बोटांना बेतल्या. काम करताना तोंडाचा पट्टा अखंड चालू. पाना निसटला की पान्याला शिवी, आणि एकदा तर रागाच्या भरात हातोडी भिरकावली ती चहावाल्याच्या स्टोव्हला लागली. वैशू मात्र पहिल्या दिवसाचं रडणं विसरून त्यांच्या शेजारी उकिडवी बसायची आणि शिव्या पाठ करायची.

सायकल झाली तेव्हा तीही आपटली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा पुलाच्या कठड्यावर. काही हललं नाही. वैशू तिसऱ्या खेपेला टाळ्या वाजवत होती.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि पोरगी पूल ओलांडू लागली. ब्रेक दाबला की कर्रर्र असा आवाज यायचा. कैलासला तो सहन होत नसे. लूमवरच्या माणसाचे कान तसेच असतात. शंभर मशीनच्या खडखडाटात एक सुटा आवाज आला तरी तो तेलाची पिचकारी घेऊन धावतो. त्याने आप्पांकडे तक्रार केली. आप्पा म्हणाले, "कुरकुरू दे. जे कुरकुरस, तेच धरस." दोघांची अजून बोलाचाल धड नव्हती, त्यामुळे विषय तिथेच थांबला.

मग दसरा आला. आमच्या लोकांत खंडेनवमीला आणि दसऱ्याला अवजारं पुजतात. खात्यातली मशीनं पुसून, तेल देऊन, हळद-कुंकू लावून झाली की कैलास दरवर्षी बाटलीभर तेल घरी आणतो आणि घरात जे जे हलतं त्याला पाजतो. शिवणयंत्र, पंखा, दाराच्या बिजागऱ्या. त्या वर्षी घरात सायकल होती, आणि ती लेकीची लक्ष्मी होती. त्याने ती धुतली, पुसली, साखळीला तेल दिलं, आणि चार महिने कानात सलणारी ती कुरकुर एकदाची मिटावी म्हणून ब्रेकच्या रबरांना आणि रिमेलाही दिलं. झेंडूची माळ घातली. मी स्वतः हँडलला कुंकू लावलं. सायकल अगदी गप्प झाली आणि आम्ही तिघेही खूश झालो.

सुरतेत दसऱ्याला फाफडा-जलेबी आणावीच लागते. वैशू पुलापलीकडे जाऊन घेऊन आली; जाताना सणाच्या गर्दीमुळे तिने सायकल पुलावरून हातानेच नेली होती. कैलास तिला सामोरा जायला म्हणून चौकाकडे चालत निघाला होता, मीही मागे होते. पुलाच्या माथ्यावर झेंडूची माळ दिसली आणि मी हात हलवला. ती उतारावर आली. तिने हात हलवला नाही. तिच्या दोन्ही मुठी ब्रेकवर आवळलेल्या होत्या आणि सायकल वेग घेतच होती. खाली चौकात कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेला ट्रक वळत होता. मी तिचं नाव घेत धावत सुटले.

आप्पा ताडपत्रीखालून निघाले ते मी पाहिलं. ते हात पसरून आडवे झाले नाहीत, ओरडलेही नाहीत. ते बाजूने धावत आले आणि त्यांनी सगळ्या ताकदीने सायकलला लाथ घातली. वैशू उडाली आणि टायरांच्या ढिगावर जाऊन आदळली. सायकल घसरत ट्रकच्या पुढून गेली आणि दुभाजकाला थडकली. वैशूची हनुवटी फुटली होती, डावा हात कोपराखाली भलत्याच दिशेला वळला होता. जिलेब्या रस्त्यावर पसरल्या होत्या.

लोकांनी एवढंच पाहिलं, की भांडकुदळ सुपडूने सणाच्या दिवशी एका पोरीला लाथेने पाडलं. त्याला एकदा धुवायची इच्छा असलेले तिथे कमी नव्हते. दहा-बारा जण तुटून पडले. बुक्क्या, चपला, कुणाचा तरी पट्टा. आणि माझा कैलास गर्दी फोडून आत घुसला, त्याने आप्पांचाच मोठा पाना उचलला आणि त्यांच्या तोंडावर घातला. तो आवाज मी अजून ऐकते. आप्पांनी एकदाही हात उगारला नाही, ज्या माणसाने आयुष्यभर दुसरं काही केलं नव्हतं त्याने.

वैशू टायरांवरून किंचाळली, "ब्रेक नथी लागती! बाबा, ब्रेकच लागत नव्हता!" तेव्हा हात थांबले.

आप्पा रांगत सायकलपर्यंत गेले. एका डोळ्यातून रक्त गळत होतं. त्यांनी रिमेवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं. लूमचं तेल त्यांना कळायला डोळे लागत नव्हते. ते बोट तसंच वर धरून त्यांनी कैलासकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "दसरानं शे का रे?"

कैलासच्या हातातून पाना पडला. तो भर रस्त्यात लहान पोरासारखा रडू लागला.

वैशूचा हात प्लास्टरात जुळला. आप्पांचा डोळा गेला. पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा आप्पांनी सांगितलं, की मी पुलावरून पडलो. दवाखान्यात मी त्यांच्या पायाशी उभी राहिले. तेच म्हणाले, "हात जुडस, माय. ट्रकखाले गयेल जुडत नही." दवाखान्यातून सुटले त्या दिवशी ते सरळ आमच्या गल्लीत आले, कैलासला घराबाहेर बोलावलं आणि सगळ्या शेजाऱ्यांसमोर त्याच्या अशी थोबाडीत मारली की तो उंबऱ्यावर बसला. "आते फिटनं," म्हणाले आणि चहा मागितला.

फिटलं म्हणजे खरंच फिटलं. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. कैलासला मात्र ते फिटल्यासारखं कधी वाटलं नाही. सुट्टीच्या दिवशी तो त्यांच्या ताडपत्रीखाली जाऊन बसू लागला. एका डोळ्याने चाकाचा बाक नीट दिसत नसे. कैलास चाक फिरवून कुठे वाकतं ते सांगायचा, आप्पा तारा आवळायचे, आणि तो चुकला की फाटक्या ट्यूबचा फटका त्याच्या पाठीवर ओढायचे. दर दसऱ्याला आप्पा रॉकेलचं फडकं घेऊन आमच्याकडे यायचे. तेल लावलं नाही म्हणून आम्ही शपथा घेतल्या तरी दोन्ही रिमा पुसल्याशिवाय आपट्याचं पान हातात घेत नसत. त्या सायकलवर वैशू सहावी गेली, सातवी गेली, आठवी गेली.

गेल्या उन्हाळ्यात ते ताडपत्रीखालीच गेले, तापाने, कुणाशी न भांडता. त्यांच्यासारख्या माणसाला असं मरण शोभलं नाही. बायकोला निरोप धाडला होता. ती आली नाही, आणि मला तिचा राग आला नाही. कैलासने अग्नी दिला. मी खूप रडले, आणि रडताना त्यांना शिव्याही दिल्या, कारण दुसऱ्या कुठल्या भाषेत ते मला ओळखू आले नसते.

आता वैशूचे गुडघे हँडलला लागतात. मागच्या आठवड्यात ती सायकल शेजारच्या काजलला द्यायची ठरली. काजल पाचवी पास झाली आहे. तिची आई तिला घेऊन आली, दोघींनी सायकल पाहिली, काजलने घंटी वाजवली. वैशू म्हणाली, "थांब." तिने काजलला दांडीवरून पाय टाकून उभं केलं, तिची बोटं ब्रेकला पोचतात का ते पाहिलं. मग सायकल काढून घेतली, डोक्यावर उचलली आणि गल्लीत आदळली.

काजल भोकाड पसरून रडू लागली. तिची आई माझ्या अंगावर धावून आली आणि मी तेव्हा आप्पांना जे जे बोलले होते ते बहुतेक सगळं मला परत मिळालं. मी निमूट ऐकून घेतलं. वैशूचं लक्षच नव्हतं. ती खाली बसून एकेक जोड चाचपत होती. ही माझी लेक बाहेर गुजराती बोलते, मैत्रिणींशी हिंदी, आणि घरात आम्ही अहिराणी बोललो की तोंड वाकडं करते. पण त्या बाईकडे वर न बघताच ती म्हणाली, "जे मोडनार शे ते मना हातमा मोडू दे, मावशी. पोरना पायखाले नको."

आतल्या खोलीत कैलास जेवत होता. त्याने ताट बाजूला सारलं, हात धुतला आणि रॉकेलचं फडकं घेऊन बाहेर आला.