निळे आणि करडे मावळे

शिकागोजवळच्या नेपरव्हिलला दिवाळीचा किल्ला करायचा म्हणजे आधी थंडीशी भांडण. म्हणून आम्ही तो गॅरेजमध्ये करायचो. मुलं लहान असताना इथे मावळे कुठले मिळायला! मी एका म्युझियमच्या दुकानातून प्लास्टिकच्या सैनिकांची पिशवी आणली. निम्मे निळे, निम्मे करडे. मोठ्या हौसेने सगळे एकाच बुरुजावर उभे केले.

थोरला तेव्हा पाचवीत. त्याने कपाळाला हात लावला. "आई, दे आर एनिमीज! सिव्हिल वॉरमधले आहेत हे!"

झालं. किल्ल्याच्या दोन बाजू झाल्या. निळे थोरल्याने घेतले, करडे धाकट्याच्या वाट्याला आले. मग अमेरिकेच्या यादवी युद्धाबद्दल शाळेत शिकलेलं सगळं आम्हाला ऐकावं लागलं. निळे उत्तरेचे, त्यांच्या पायात धड बूट, पाठीवर पिशवी, प्यायला कॉफी. करडे दक्षिणेचे, खांद्यावरून गुंडाळलेली घोंगडी, तंबाखू हवी तेवढी पण कॉफीच्या नावाने बोंब, आणि कितीतरी जण अनवाणी. "अँड दे फॉट फॉर स्लेव्हरी," थोरल्याने निकाल दिला.

धाकट्याचे डोळे भरले. "पण याच्याकडे तर शूजपण नाहीत. ही डिडन्ट ओन एनीबडी."

"माणसं विकत घेणाऱ्यांसाठी लढला ना? मग चूक ती चूकच," माझा नवरा म्हणाला. त्याला गुळमुळीत बोलणं जमत नसे. पण धाकट्याचा चेहरा बघून त्याने पुढचंही सांगितलं. लढाई थांबली की हेच सैनिक नदीच्या दोन काठांवरून छोट्या होड्या सोडायचे, इकडून कॉफी, तिकडून तंबाखू. वरचे अधिकारी रागवायचे, तरी सोडायचे. मुलांनी लगेच माझी परात पळवली, पाणी भरलं आणि कागदी होड्यांतून शंकरपाळे पाठवले. निम्मे भिजले. भिजलेलेही खाल्ले.

काही वर्षांपूर्वी नवरा आयसीयूत होता. थोरला तोवर स्वतः डॉक्टर झाला होता. तो म्हणाला, "आई, आता बाबांचे हाल नकोत. व्हेंटिलेटर काढू या." धाकटा म्हणाला, अजून थोडं थांबू. निर्णय माझ्यावर आला आणि मी थोरल्याचं ऐकलं. कॉरिडॉरमध्ये धाकटा भावाला म्हणाला, "तू मारलंस बाबांना." त्यानंतर दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत. धाकटा तिकडे न्यू जर्सीत, एडिसनला असतो. तो या घरात पाऊल टाकत नाही.

त्या युद्धात कोण चुकलं ते पाचवीतलं पोरसुद्धा सांगू शकतं. माझ्या घरात कुणाला चूक म्हणू? एकाला बापाचे हाल बघवत नव्हते, दुसऱ्याला बाप सोडवत नव्हता. दोघं खरे होते, आणि म्हणूनच हे मिटत नाही. मला याचा फार राग येतो. कुणावर काढायचा तेही कळत नाही.

यंदा दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला थोरला आला होता. आम्ही चहा करत होतो, तेवढ्यात फोन वाजला.

"हॅपी दिवाली, आई." धाकटा होता. मग म्हणाला, "तो आलाय?"

"आलाय. देऊ त्याला?"

"नको. मी नंतर करतो." फोन बंद.

थोरला पाठमोरा उभा राहून चहा गाळत होता. "कुणाचा फोन गं?"

"राँग नंबर," मी म्हणाले. पोटच्या पोराला राँग नंबर म्हणाले मी.

त्याने दोन्ही कप भरले. मग न वळताच हळूच विचारलं, "आवाज कसा वाटला त्याचा?"

मला पुन्हा खोटं बोलवेना.

"अगदी बाबांसारखा झालाय रे."

तो सिंकवर वाकला आणि लहानपणी रडायचा तसा रडला.